हिलो आणि दादा

दादाची चौकशी करायला पोलीस घरी आले, तेव्हा मी ‘जेड सिटी’च्या मधोमध होते.

पुण्यातली नोकरी गेली होती, दुसरी मिळत नव्हती, म्हणून त्या पावसाळ्यात गावी आले होते. कराडपासून अर्ध्या तासावर आमचं गाव. दुपारी लाइट जायची आणि मी माजघरात पडून फोनवर ही कादंबरी वाचत राहायचे. फोंडा ली या लेखिकेची ट्रिलॉजी आहे. पहिला भाग 2017 चा, मग 2019 मध्ये ‘जेड वॉर’ आणि 2021 मध्ये ‘जेड लेगसी’. पहिल्या भागाला 2018 चा वर्ल्ड फॅन्टसी अवॉर्ड मिळाला, तोही विभागून. फॅन्टसी म्हटल्यावर ड्रॅगन आणि तलवारी शोधायला गेलात तर निराश व्हाल. इथे गाड्या आहेत, टीव्ही आहे, हिशोबाच्या वह्या आहेत. केकॉन नावाच्या काल्पनिक बेटावर जेडचा दगड सापडतो. तो अंगावर घालून लढता येणं हे तिथल्या योद्ध्यांचं बळ. आणि जानलून शहर दोन घराण्यांनी वाटून घेतलेलं: नो पीक आणि माउंटन.

ही घराणी म्हणजे गुंडांच्या टोळ्या, पण तेवढंच म्हणून भागत नाही. दुकानदार त्यांना पैसे देतात आणि बदल्यात संरक्षण, कर्ज, ओळख घेतात. कौन्सिलमध्ये त्यांची माणसं बसतात. घराण्याचा प्रमुख तो पिलर, मारामारीचं बघणारा हॉर्न, धंदा सांभाळणारा वेदर मॅन. हे वाचताना मला काही समजून घ्यावं लागलं नाही. आमच्याकडे साहेब आहेत, साहेबांची पोरं आहेत आणि पतसंस्थेचं बघणारे एक गुरुजी आहेत.

दादा त्या पोरांपैकी.

नो पीकच्या कॉल कुटुंबात लॅन मोठा, शांत. हिलो मधला, हॉर्न. शे धाकटी, ती जेड उतरवून परदेशी निघून गेलेली आणि आता परत आलीय, पण घरच्यांची मदत नको म्हणते. मी शेमध्ये स्वतःला बघणार हे उघड होतं. प्रेमात मात्र पडले हिलोच्या. आपल्या माणसांवर तो इतकी माया करतो की त्याच्या हाताखालची पोरं हसत मरायला जातील. घरातल्या सगळ्यांची काळजी त्याला. आणि तो माणसं मारतो. लॅन गेल्यावर पिलरपद हिलोकडे येतं, शे पुन्हा जेड घालते आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून त्याची वेदर मॅन होते. तो प्रसंग वाचून मी रडले. एरवी बाईने भावापुढे गुडघे टेकलेले वाचून मी पुस्तक फेकलं असतं. खरं तर फोन.

आमची भाऊबंदकी विहिरीवरून. अण्णा आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. त्या कुणी मोडल्या यावर दोन्ही घरांत वेगळा इतिहास आहे. खालच्या घरातला धाकटा मुलगा दादाच्या वर्गातला. त्या आठवड्यात आमच्या मोटारीची केबल कुणीतरी कापली. दोन दिवसांनी तो मुलगा रात्री बांधावर पडलेला सापडला, हात दोन ठिकाणी मोडलेला.

हवालदार ओसरीवर बसले, चहा घेतला. आई म्हणाली, “घरीच होता की. जेवून झोपला.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दादा साडेअकराला आला होता आणि मोरीत बराच वेळ पाणी वाजत होतं, हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. हवालदारांनी तेच उत्तर समजून लिहून घेतलं.

संध्याकाळी दादा माझ्यासाठी कंदी पेढे घेऊन आला. नोकरी गेल्यापासून माझ्या फोनचा रिचार्जही तोच करत होता, न सांगता.

पुढचं वाचणं त्यानंतर जड झालं. (इथून पुढे स्पॉयलर आहे.) दुसऱ्या भागात लॅनच्या लहान मुलाला कुटुंबात परत आणलं जातं आणि त्यासाठी हिलोच्या माणसाकडून त्या मुलाच्या आईचा जीव जातो. मग हिलो त्या मुलाला पोटच्या पोरासारखं वाढवतो, अगदी मनापासून. ली इथे वाचकाला सोडवत नाही. हिलोची माया खोटी होती असंही म्हणू देत नाही आणि त्या मायेत ते पाप फिटलं असंही नाही. समोरची आयट मादा, माउंटनची प्रमुख, थंड आणि क्रूर आहे. पण तिचं म्हणणं पुष्कळदा हिलोपेक्षा शहाणपणाचं असतं. गुंतागुंतीची पात्रं म्हणून आपण कौतुक करतो ते याचंच. मीही केलं असतं. पण मला दर दोन पानांनी तो हात आठवायचा. लहानपणी त्याच हाताने त्याने मला विहिरीत पोहायला शिकवलं होतं, पोटाखाली धरून.

मी खालच्या घरी गेले नाही. एकदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. त्याची आई भांडी घासत होती, तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

पुण्याला निघायच्या आदल्या रात्री दादा शेजारी येऊन बसला. “काय वाचतीयस गं एवढं?”

मी गोष्ट सांगितली. त्याला आवडली. हिलो तर फारच. “भाऊ असावा तर असा,” म्हणाला.

मग मी अँडनचं सांगितलं. कॉल कुटुंबाने सांभाळलेला पोरगा, सगळ्यांत ताकदवान निघतो, जेड घालून घराण्यासाठी माणूस मारतो. आणि पदवीच्या दिवशी, सगळ्यांसमोर, जेड नको म्हणतो.

“मग हिलो काय करतो?”

“घराबाहेर काढतो.”

दादा बराच वेळ फोनच्या उजेडाकडे बघत होता. मग उठला, माझी बॅग उचलून पाहिली आणि म्हणाला, “जड आहे. सकाळी स्टँडवर सोडतो मी.”