केळीचं गणगोत

तिसरीत असताना कॉन्व्हेंटमध्ये एक चित्र काढलं होतं. समुद्र, नारळाचं झाड आणि शेजारी केळ. दोघांचंही उभं खोड, वर पानांचा झुपका. म्हणून मी त्यांना सख्खे भाऊ समजायचो. मार्कही चांगले मिळाले!

यंदा दिवाळीत धुळ्याहून रावेरला मामांकडे गेलो. अंगणातली कर्दळ दाखवून आजी म्हणाली, "पान बघ, केळीची बहीणच वाटते ना?" मी मनात हसलो. परत आल्यावर शोधाशोध केली आणि गप्प झालो. केळी, कर्दळ, हळद, आलं ही सगळी एकाच गणातली, नारळ दूरचा. केळीचं उभं खोड हे खोडच नाही, एकमेकांवर गुंडाळलेले पानांचे देठ आहेत. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद.

जीवशास्त्रज्ञ आता नुसत्या दिसण्यावर जात नाहीत. कोणाचा पूर्वज सामाईक, ते बघतात. डीएनए म्हणजे त्यांची भाटाची वही!

पण खरी गंमत (की भीती?) पुढेच आहे. १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड यांनी दाखवून दिलं की आपण खातो त्या बहुतेक केळी दोन रानटी जातींपासून आल्या: मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. मामांच्या मळ्यातली ग्रँड नैन 'एएए', म्हणजे गुणसूत्रांचे तिन्ही संच अक्युमिनाटाचे. तिला बी धरत नाही. त्यामुळे अख्खा मळा एकाच झाडाची कॉपी. अगदी आमच्या सबमिशनच्या फायलींसारखी. एकाची चूक ती सगळ्यांची चूक.

गेल्या शतकात पनामा रोगाने ग्रो मिशेल ही केळीची जात बाजारातून उठवली. त्याच बुरशीचा नवा प्रकार, टीआर-४, आता ग्रँड नैनलाही धरतो. बिहार आणि उत्तर प्रदेशात तो सापडला आहे.

फोनवर हे सांगितलं तेव्हा मामा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "औषध काय मग?"

"फवारून जात नाही, मामा. बुरशी मातीत राहते. रानटी नातेवाइकांत कोणी तिला दाद देत नाही का, ते शोधतात. त्यासाठीच कोण कोणाचं, हे माहीत लागतं."

"म्हणजे शेवटी भाऊबंदच कामाला येतात," मामा म्हणाले.

मागून आजीचा आवाज आला, "त्याला विचार, कर्दळीचं खरं निघालं का?"

निघालं, आजी. माझंच चित्र चुकलं होतं.