पॉलिश आधी की जोडणी आधी?

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी सुतारकामाचा जॉब केलाय. हाफ-लॅप जॉइंट, सरांची सही, विषय संपला. त्या जॉबला कुणी पॉलिश करत नाही, त्यामुळे ते नक्की कधी करायचं हा प्रश्नच पडत नाही. मला तो पडला यंदाच्या पावसाळ्यात, घरी. (माझं मराठी कॉन्व्हेंट छाप आहे, ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं!)

गावचं घर पाडलं तेव्हा आजोबांनी माजघराच्या दाराचं सागवान ठेवून घेतलं होतं. त्याचं पुस्तकांचं कपाट करायचं ठरलं. लाकूड मोजकंच, एक फळी वाया गेली तर दुसरी आणायची कुठून? बाबांचं म्हणणं, आधी कपाट उभं करा, मग एकदाच काय ते पॉलिश मारा. सुतारकाका काहीच बोलले नाहीत. त्यांनी दारांची पॅनल्स बाजूला काढली आणि माझ्या हातात पॉलिश पेपर दिला.

त्याचं कारण असं. दाराची चौकट पक्की जोडतात, पण मधलं पॅनल खोबणीत सुटं ठेवतात, फेव्हिकॉल न लावता. लाकूड हवेतली ओल पिऊन रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. सागवान त्यातल्या त्यात शहाणं, तरी फूटभर रुंदीची फळी दोनेक मिलिमीटर हलू शकते. आता जुलैत फुगलेल्या पॅनलला जोडणीनंतर पॉलिश केलं, तर खोबणीत दडलेली कड कोरीच राहणार. मार्चमध्ये पॅनल आकसलं की चौकटीलगत फिकी रेघ बाहेर! म्हणून पॅनल आधी, आणि तेही दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला केलं तर दोन्हीकडून ओल सारखी शिरत नाही, फळी वाकते.

आतल्या खणांचंही तेच. कोपऱ्यात बोळा पोचत नाही, पॉलिश साचतं. शिवाय जोडताना बाहेर आलेला फेव्हिकॉल पॉलिशवरून पटकन पुसला जातो. कोऱ्या लाकडात मुरला तर डाग राहतो. मात्र जिथे फेव्हिकॉल लागणार ती जागा कोरीच हवी, कारण तो लाकडाला धरतो, पॉलिशला नाही. तिथे आधी टेप चिकटवायची. हे काम अर्थात माझ्याकडे. दोन दिवस तेच.

मग बाबांचं अगदीच चूक होतं का? नाही. चौकटीची बाहेरची बाजू जोडणीनंतरच करायची. सांध्यावर दोन लाकडं क्वचितच एका पातळीत येतात, रंधा मारावाच लागतो, आणि आधी केलेलं पॉलिश त्यात निघून जातं. हे ऐकून बाबा खूश झाले.

पण त्यात एक अडचण होतीच. आजोबांना कपाट गणपतीपर्यंत हवं होतं. आता त्यांच्या वयाला थांब म्हणणं जड जातं. लाखेचं पॉलिश दमट हवेत केलं की स्पिरिट उडताना ओल धरतं आणि वर पांढुरकी झाक येते. पॅनल्सचे हात काकांनी उघडीप बघून दुपारीच मारले होते. बाहेरची बाजू मोठी, तिला दसऱ्यानंतरचं ऊन लागेल म्हणाले.

त्यामुळे कपाट सध्या आतून चमकदार आणि बाहेरून कोरं, असं हॉलमध्ये उभं आहे. आजोबांनी वाट पाहिली नाही. खालच्या दोन खणांत पुस्तकं लावून मोकळे झाले.