बेहेड्यातलं बिऱ्हाड

पक्षी बघायला लागतं काय? एक दुर्बीण, सलीम अलींचं पुस्तक आणि भरपूर रिकामा वेळ. पहिल्या दोन गोष्टी पगारातून येतात, तिसरी पगारामुळेच जाते. त्यावर मी काढलेला तोडगा म्हणजे महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्री पुण्याहून एसटी पकडायची आणि सकाळी देवरुखच्या पुढे, मार्लेश्वरच्या बाजूला, डोंगराच्या पोटात असलेल्या आमच्या वाडीत उतरायचं. तिथे मोबाइलला रेंज फक्त गोठ्यामागच्या कातळावर उभं राहिलं तर येते. टीम लीडला हे मी आधीच सांगून ठेवलंय!

वाडीत पक्षी 'बघायला' जावं लागत नाही, तेच उठवतात. उजाडायच्या आत पऱ्ह्याकडून शीळकरी कस्तूर सुरू होतो. अगदी माणसाची शीळ, पण गाण्याची चाल अर्धवटच आठवणाऱ्या माणसाची. मग दिवसभर कुटुर्ग्यांची कुटुरकुटुर. आंब्यावर एखादं शेकरू शेपटी लोंबकळत टाकून बसलेलं असतं. रात्री भेकर भुंकतं आणि काकू कुत्र्याला घरात घेते. कारण भेकर उगाच भुंकत नाही, आणि बिबट्याला कुत्रा फार आवडतो.

पण या वर्षी माझा सगळा मुक्काम घरामागच्या उतारावर आहे. तिथे एक प्रचंड बेहेडा आहे. बेहेड्यावर भुतं राहतात असं जुनी माणसं सांगतात. नळराजाच्या अंगातून निघालेला कलीसुद्धा बेहेड्यातच शिरला होता म्हणे. या बदनामीचा झाडाला फायदाच झाला असावा, नाहीतर इतका जुना बेहेडा कोण ठेवतोय? त्याच्या खोडात, तीन माणसं उंचीवर एक ढोली आहे आणि त्या ढोलीत सध्या मलबारी कवड्या धनेशाची मादी बसली आहे. काका त्याला माडगरुड म्हणतो. मोठी पिवळट चोच, तिच्यावर आणखी एक चोच उलटी ठेवावी तसं टोपण, आणि पोटाचा पांढराशुभ्र रंग.

'बसली आहे' म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा वगैरे वापरून दार आतून लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत अंडी घालते, उडायची पिसं गाळते, आणि पिल्लं उडण्याजोगी होईपर्यंत बाहेर येत नाही. साधारण तीन महिने! तेवढा काळ सगळी भिस्त नरावर. तो गळ्यात फळं साठवून आणतो, फटीशी चिकटून बसतो आणि एकेक फळ वर काढून तिला भरवतो. गेल्या खेपेला मी सकाळी सहा ते अकरा बसलो, नर पाच वेळा आला. एका फेरीत मी अठरा उंबरं मोजली, नंतर मुंगी चावली आणि हिशेब चुकला.

आता मुद्द्याचं. काकाने हा उतार लाकडाच्या ठेकेदाराला उक्ता द्यायचं ठरवलंय. घराचं छप्पर बदलायचंय, आणि मोकळ्या जागेत वेंगुर्ला सातची काजूची कलमं लावायचीत. यात काका खलनायक नाही. जमीन त्याची, कष्ट त्याचे, माकडांनी खाल्लेली केळी त्याची. पुण्यात दोन बेडरूमच्या फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्या पुतण्याने दुर्बीण गळ्यात घालून त्याला निसर्ग शिकवावा, हे मला स्वतःलाच ऐकवत नाही.

तरी मी बोललो. गंमत बघा, ठेकेदाराच्या लेखी त्या बेहेड्याला किंमत जवळपास नाहीच. पोकळ लाकूड, जळणाच्या भावाने जायचं. आणि धनेशाच्या लेखी तो पोकळपणा हीच खरी मालमत्ता. त्याला सुतारासारखी ढोली कोरता येत नाही. फांदी मोडते, तिथे लाकूड कुजतं, वर्षानुवर्षं खोड आतून पोखरत जातं, तेव्हा कुठे त्याच्या मापाचं घर तयार होतं. म्हणून एकदा सापडलेली ढोली ही जोडपी वर्षानुवर्षं वापरतात. एक तोडलं तर दहा लावू, हे इथे चालत नाही. लावलेल्या दहांना ढोली पडेपर्यंत मी रिटायर झालेला असेन. आमच्या भाषेत सांगायचं तर ही लेगसी सिस्टिम आहे: दिसायला जुनाट, पण बंद केली की काय काय बंद पडेल ते नंतर कळतं.

मी म्हटलं, "काका, बेहेडा आणि पऱ्ह्याकाठचे दोन उंबर सोडून दे. त्यांचे जे होतील ते पैसे मी देतो."

काका हसला. "झाड माझं, पैसे तुझे, नि राहणार कोण? माडगरुड?"

"हो."

"आणि भाडं कोण देणार?"

काकू आतून म्हणाली, "देतायत की. परसात नवा उंबर उगवलाय, तो काय तुम्ही लावलात?"

काका गप्प बसला. खरं सांगायचं तर काकूचा हा मुद्दा माझ्या सगळ्या भाषणापेक्षा भारी होता. फळं खाऊन बिया लांब टाकण्याचं काम हे पक्षीच तर करतात.

निर्णय अजून झालेला नाही. ठेकेदाराला काकाने एवढंच सांगितलंय, की पाऊस लागेपर्यंत बेहेड्याकडच्या बाजूला कोयतासुद्धा न्यायचा नाही. तोवर पिल्लं बाहेर पडतील. पण पुढच्या फेब्रुवारीत ती जोडी परत ढोली शोधत येणार, आणि काकाचं छप्पर त्याआधी व्हायला हवं. मी पत्र्याचे दर काढायला सुरुवात केली आहे.