आवाजाला वेळ विचारावी

“पुढून येतोय. डावीकडून, शेजारच्या सीटच्या अगदी खालून,” बाई म्हणाल्या. २०२० चा डिसेंबर होता. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांची पांढरी मारुती ८००, २००४ ची, पुण्यात सातारा रोडवरच्या माझ्या गॅरेजसमोर उभी होती. गाडी त्या स्वतः चालवतात, स्वतः पुसतात, आणि तिच्यात काही बदल झाला की सगळ्यात आधी त्यांना कळतं.

मी म्हटलं, “बाई, कुठून येतो ते राहू द्या. कधी येतो ते सांगा.”

हा प्रश्न माझा नाही, माझ्या वस्तादांचा आहे. १९८८ साली नाना पेठेत मी त्यांच्या हाताखाली लागलो. तेव्हा गॅरेजात पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसिडर जास्त यायच्या, मारुती हळूहळू वाढत होत्या. चौथ्या-पाचव्या वर्षी वस्तादांनी एक गाडी पूर्णपणे माझ्यावर सोपवली. पुढच्या उजव्या चाकातून गुरगुर येते, असं मालकाने सांगितलं होतं. मी उजवं चाक उतरवलं, बेरिंग बदललं, गाडी दिली. दुसऱ्या दिवशी मालक परत आले. आवाज जसाच्या तसा होता. खराब होतं ते डावीकडचं बेरिंग. वस्तादांनी मजुरीचे पैसे परत केले आणि मला एवढंच सांगितलं, “आवाजाची जागा खोटं बोलते. वेळ खोटं बोलत नाही.”

यामागचं कारण समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली. छोट्या गाडीची बॉडी म्हणजे पत्र्याचा एकच मोठा डबा. मागच्या चाकात उठलेली थरथर अ‍ॅक्सलमधून पत्र्यात शिरते, फ्लोअरवरून पुढे सरकते आणि जिथे पत्रा पातळ असेल किंवा मॅट निघालेलं असेल तिथे ऐकू येते. कानाला वाटतं, जन्म इथेच झाला. मालक खोटं सांगत नसतो. त्याला ऐकू येतं तेच तो सांगतो. फक्त ती आवाज बाहेर पडण्याची जागा असते, जन्माची नव्हे.

वेळ मात्र पक्की असते. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना कट-कट-कट वाजलं, तर ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटकडे बघायचं. त्याचा रबरी बूट फाटलेला असतो आणि ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं असतं. स्पीडब्रेकरवर खट्ट झालं, तर लोअर आर्मचं बुश किंवा बॉल जॉइंट. चालताना चीं चीं येते आणि ब्रेकवर हलका पाय ठेवताच थांबते, तर पॅड संपत आलेत. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरते आणि मग गप्प होते, तेव्हा तो फक्त ड्रमवर आलेला गंज असतो. त्याला पाना लावायचं कारण नाही. आणि हळू चालताना चाकातून ठोके येत असतील, तर बाकी सगळं सोडून आधी व्हील नट आवळून बघायचे. त्या तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि त्या दोन मिनिटांवर माणसाचा जीव असतो.

ठोके मोजताही येतात. ८०० चं टायर १४५/७० आर १२, म्हणजे परीघ साधारण १.६ मीटर. ताशी ६ किलोमीटरला चाक सेकंदाला जेमतेम एक फेरा घेतं, ताशी ६० ला दहा. टायरच्या खाचेत खडा अडकला असेल तर फेऱ्याला एक टक्, म्हणजे चालण्याच्या वेगाला सेकंदाला एक. बेरिंगचं तसं नसतं. तिथे अनेक गोळ्या एकामागून एक खराब जागेवरून जातात, ठोके एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा एक सूर होतो. म्हणून खडा टकटकतो आणि बेरिंग घुमतं. बाईंना हे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. आकडा सांगितला की त्यांचा विश्वास बसतो.

त्यांचं उत्तरही नेमकं होतं. “चाळिसाला सुरू होतो, साठला वाढतो. क्लच दाबला तरी जात नाही.” म्हणजे इंजिनचा संबंध नाही. गाडी फिरते म्हणून आवाज येतो. उरले दोनच संशयित, टायर आणि बेरिंग. मार्चमध्ये लॉकडाऊन लागल्यापासून गाडी कितीतरी महिने एका जागी उभी होती. उभ्या गाडीचं टायर खालून चपटं बसतं आणि असंच घुमतं. त्यामुळे माझा पहिला संशय टायरवर होता.

आम्ही ट्रायलला निघालो. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. डांबरावर एक, सिमेंटवर दुसरा, गुळगुळीत पट्ट्यावर जवळजवळ नाहीच. बेरिंगला खाली काय आहे याची पर्वा नसते. आमचा सूर डांबरावरून सिमेंटच्या गल्लीत शिरला आणि तसाच राहिला. टायर सुटलं.

मग कात्रजचा जुना घाट. पुण्याच्या दक्षिणेला गॅरेज असण्याचा हा मोठा फायदा. नव्या बोगद्याचा रस्ता सरळ आहे, तो मला उपयोगाचा नाही. जुन्या घाटात वळणामागून वळण येतं. गाडी उजवीकडे वळली की वजन डाव्या चाकांवर येतं, डावीकडे वळली की उजव्या. दुखऱ्या पायावर भार आला की माणूस कण्हतो, तसंच हे. काचा खाली करून आम्ही चढलो. डोंगराच्या बाजूने आवाज आपटून परत येतो, त्यामुळे ऐकायला सोपं जातं. प्रत्येक उजव्या वळणावर सूर जाड होत होता, डाव्या वळणावर पातळ. बाईंनीही तो फरक ओळखला. “म्हणजे डावीकडेच,” त्या म्हणाल्या. “बाजू तुमची बरोबर,” मी म्हटलं, “पुढचं की मागचं, ते जॅकवर कळेल.”

जॅकवर चाक वर आणि खाली धरून हलवतात. खेळ लागला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगतात. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. बाईंच्या गाडीत खेळ कुठेच नव्हता. सुरुवातीच्या बिघाडात तो नसतोच. तेव्हा तळहात कामाला येतो. एका हाताने चाक फिरवायचं, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर नुसता टेकवायचा. पुढच्या डाव्या चाकाला स्प्रिंग शांत होती. मागच्या डाव्या चाकाला, हँडब्रेक सोडून चाक फिरवलं, तर तळहाताला बारीक रवा लागावा तशी कचकच जाणवली. कानाला काहीही ऐकू येत नव्हतं. शेजारच्या सीटखालचा आवाज मागच्या चाकातून येत होता.

कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली वाहन-संशोधन संस्था आहे. पुणेकर त्या टेकडीला संस्थेच्याच नावाने ओळखतात. तिथे गाड्यांचे आवाज आणि कंपनं यंत्रांनी मोजली जातात आणि त्या मोजमापाबद्दल मला आदर आहे. पण आमच्याकडे येणारी गाडी सोळा वर्षं कोणाच्या तरी संसारात राबलेली असते. तिचं मोजमाप करताना तिची हकीकतही लागते. ती यंत्रात नसते, मालकाकडे असते.

८०० चा मागचा ड्रम काढला की बेरिंग त्याच्यासोबत बाहेर येतं. मी ते ड्रममधून काढलं, कटरने बाहेरची रिंग चिरली आणि गोळ्या फिरतात ती आतली वाट पुसली. चकचकीत पोलादावर तपकिरी डाग होते. एक, मग जागा, मग दुसरा, मग तेवढीच जागा. बाईंनी चष्मा वर केला आणि करंगळीच्या नखाने अंतर पाहिलं. “सारख्या अंतरावर आहेत,” त्या म्हणाल्या.

ते अंतर दोन गोळ्यांमधलं होतं. चाक उभं असताना आत पाणी शिरलं, गोळ्या जिथे थांबल्या होत्या तिथेच गंजाने पोलाद खाल्लं. नंतर गाडी फिरत राहिली तशी ती जागा उखडत गेली आणि एके दिवशी बोलायला लागली. उभं राहणं लॉकडाऊनमधलं असू शकेल. पण पाणी कुठलं? बाईंची गाडी तर इमारतीखाली छताच्या आत असते.

विचारायची गरजच नव्हती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजपासून अरण्येश्वर, सहकारनगरपर्यंत पाणी घरांत शिरलं, माणसं गेली, गाड्या एकमेकींवर चढून बसल्या. बाईंच्या इमारतीच्या तळमजल्यावर गाडी गाळात रुतली होती. ती बाहेर काढून मीच दुरुस्त केली होती. ऑइल बदललं, सीट वाळवल्या, ब्रेकमधला चिखल धुतला. मागचे ड्रम काढले तेव्हा हे बेरिंग माझ्या हातात होतं. मी ते बोटाने फिरवलं, गुळगुळीत लागलं, आणि परत बसवलं.

हे मी बाईंना तिथेच सांगितलं. “कधी येतो” हा प्रश्न मी तीस वर्षं विचारत आलो, पण तो वेगापुरता आणि वळणापुरता. या आवाजाची वेळ सव्वा वर्षापूर्वीची होती. गंज त्या आठवड्यात बोटाला कळण्याएवढा झाला नव्हता, हे खरं. पण पाण्यात बुडालेलं बेरिंग बोटाच्या भरवशावर ठेवायचं नसतं, हेही मला माहीत होतं. रांगेत गाड्या उभ्या होत्या, लोक घरं धूत होते, आणि मी घाई केली. उजव्या चाकाचं बेरिंग अजून गप्प होतं, तेही बदललं. मजुरी घेतली नाही. बाई आधी ऐकेनात. मग म्हणाल्या, “ठीक आहे. चूक पायरीवर सापडली की उत्तर दुरुस्त होतं.”

नवीन बेरिंग बसवताना प्रेसचा जोर जी रिंग घट्ट बसायची तिच्यावरच द्यावा लागतो. दुसऱ्या रिंगवर दिला, तर गोळ्यांमधून तो जोर वाटेवर उतरतो, बारीक खळगे पडतात, आणि महिन्याभरात नवं बेरिंगही घुमायला लागतं. त्या दिवशी मी प्रेस नेहमीपेक्षा हळू चालवला.

संध्याकाळी गॅरेजची जुनी वही काढली. २०१९ च्या ऑक्टोबरची पानं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे नंबर एका वेगळ्या कागदावर उतरवले आणि एकेका मालकाला फोन लावला. बहुतेकांनी एकच सांगितलं, “आमच्या गाडीला काही आवाज नाही हो.”

“नसेल,” मी म्हणत होतो. “तरी एकदा चाकं उघडून बघू.”