रंध्याला कान हवा

गिटार बनवणं आणि वाजवणं एकाच वेळी शिकायला निघणं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, असं पुष्कळांना वाटतं. मला मात्र हाच सरळ रस्ता वाटतो. गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या पातळ फळीत असतो. स्पेनच्या अंतोनिओ दे तोरेस या कारागिराने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून हे दाखवून दिलं. (केवढी हिंमत!) ही फळी जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची. पण प्रत्येक लाकडाचा ताठपणा वेगळा, त्यामुळे रंधा कुठे थांबवायचा हे माप अर्धंच सांगतं. उरलेलं टिचकी मारून ऐकावं लागतं. तार फ्रेटवर दाबली की ताणली जाऊन सूर किंचित चढतो, म्हणून ब्रिजवरचं हाड हिशेबापेक्षा थोडं मागे बसवतात. हा नियम पाठ करता येईल, पण चढलेला सूर ज्याच्या कानाला खुपतो तोच पुन्हा कानस हातात घेतो.

उत्तम कारागीर उत्तम वादक असतोच असं नाही, हे खरं. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे काही मैफली गाजवत नाहीत. तरी घासावं, तार छेडावी, ऐकावं, पुन्हा घासावं, हे त्यांचं चालूच असतं. नवशिक्याच्या सदोष गिटारवर बोटं आणि कान दोन्ही बिघडतील, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणून सरावाला नीट लावलेली तयार गिटार हवीच. तेच कॉर्ड मग आपल्या गिटारवर धरून पाहावेत. नटमधल्या खाचा उथळ राहिल्या असतील, तर एफचा बार कॉर्ड धरताना पहिलं बोट लगेच सांगतं.