पाणी जात नाही की येतंय?

मंचर

चि. सौ. छकुलीस,


तळघराच्या नहाणी ट्रॅपात अ‍ॅसिड किती ओतू, असं तू विचारलंस आणि तेवढ्यात फोन कट झाला. बरंच झालं. फोनवर अर्धं ऐकून तू बाटली उघडली असतीस. कागद हातात असला की खाली उतरून एकेक ओळ वाचत काम करता येतं. अ‍ॅसिडचं उत्तर आधी देतो: एक थेंबही नाही. कारण पुढे येतंच आहे.

आधी मला सांग, पाणी जात नाही, की येतंय? दिसायला दोन्ही सारखंच, जाळीवर साचलेलं गढूळ तळं. पण पहिल्याचा इलाज तुझ्या हातात आहे, दुसऱ्याचा रस्त्यावरच्या चेंबरात नाहीतर आभाळात. तासभर घरातला एकही नळ उघडू नकोस, फ्लश नको, वॉशिंग मशीन नको. पाण्याच्या कडेला भिंतीवर खडूची रेघ ओढ. तासाने पाणी रेघेवरच असेल तर ट्रॅप तरी तुंबलाय नाहीतर त्याच्या पुढची लाइन. दोन्हींतलं कोणतं, ते वरचं वॉशिंग मशीन लावून कळेल. मशीनने पाणी सोडलं की खालचं तळं चढत असेल, तर ट्रॅपला दोष देऊ नकोस, पुढची लाइन बसलीय. आणि कोणी थेंबही न सांडता रेघ बुडाली, तीही पावसाच्या सरीनंतर, तर पाणी बाहेरून येतंय. मग ट्रॅपात कितीही काठ्या घाला.

तुमच्या मोशीत हे बाहेरचं पाणी फार. थोडी माती, थोडा मुरूम, की खाली काळा पाषाण. त्याच दगडाच्या खाणी तुमच्या आसपास आहेत. तो फोडून तळघराचा खड्डा काढला की आपण आपल्या हाताने एक दगडी हौद तयार करतो. मुरमात मुरलेलं पावसाचं पाणी खडकाच्या पाठीवरून सरकत येतं आणि भेगा शोधत त्यात उतरतं. आपल्याकडे जमिनीखाली पूर्वी धान्य साठवायचं पेव असायचं, तेही कोरडी जागा बघून. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं पिढ्यान्‌पिढ्या टिकली, आणि २००५ च्या कृष्णेच्या पुराने त्यातली कितीतरी खाल्ली. १९९७ साली मोशी महापालिकेत आली, मग शेतांच्या जागी रो-हाउस उभी राहिली, आणि गाडी लावायच्या तळघराला बिल्डर ‘मल्टिपर्पज हॉल’ म्हणू लागला. तुम्ही तिथे ट्यूशनचे वर्ग भरवता! २०१९ च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडला नळाचं पाणी एक दिवसाआड, आणि तुझ्या तळघरात मात्र रोज.

असो. ट्रॅपच तुंबला असेल असं धरून सांगतो. पाण्यात पाय घालण्याआधी वरून तळघराचा एमसीबी पाड. इन्व्हर्टरची बॅटरी खाली असेल तर तीही बंद, कारण एमसीबी पाडला तरी इन्व्हर्टर आपला करंट देतच राहतो. त्याची वायर ओल्यात असली तर खाली उतरूच नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. मग गमबूट, रबरी हातमोजे. बादलीने पाणी उपसून जाळी उघडी कर. जाळीखाली उलटी वाटी असेल, ती उचल. बरेच लोक पाणी सावकाश जातं म्हणून ही वाटी फेकून देतात आणि मग झुरळं कुठून येतात ते शोधत बसतात. आत हात घालून गाळ काढ. तुझ्याकडे गाडी धुतात, म्हणजे माती निघेल, केस, शाम्पूच्या पुड्या, आणि माझा अंदाज आहे की सिमेंटही. फरशीवाला आपलं घमेलं शेवटी कुठे धुतो, ते मालक कधी बघत नाही.

गाळ काढून झाला की प्लंजर. त्याचं रबर बुडेल एवढं पाणी आत हवं, कोरड्यात तो नुसता फसफसतो. तेवढ्याने सुटलं नाही तर प्लंबरची स्प्रिंग, ढकलायची कमी आणि फिरवायची जास्त. बांबूची कामटी अजिबात नको. ती बाकात मोडली की अख्खा ट्रॅप फोडावा लागतो. वाळलेल्या सिमेंटच्या गठ्ठ्यालाही औषध नाही, ट्रॅप बदलायचा.

तो बाक मात्र शाबूत राहिला पाहिजे, कारण त्यात अडलेलं पाणीच गटाराचा वास अडवतं. लंडनच्या अलेक्झांडर कमिंगने १७७५ साली संडासाच्या पेटंटात हा बाक आणला. तो घड्याळजी होता. मेंटेनन्समध्ये जन्म घालवलेल्या माणसाला याचा उगीच अभिमान वाटतो. उन्हाळ्यात न वापरलेल्या ट्रॅपातलं पाणी सुकून जातं आणि तळघराला घाण सुटते, तेव्हा वरून बादलीभर पाणी ओतलं की झालं. फिनेलची गरज नाही.

आता अ‍ॅसिड. साचलेल्या पाण्यात ते पातळ होऊन तिथेच पडून राहतं, आणि नंतर प्लंबर त्यातच हात घालतो. कोणी आधी ड्रेन पावडर टाकली असेल तर ती कॉस्टिक. तिच्यावर अ‍ॅसिड पडलं की उकळून अंगावर उडतं. ब्लीचिंग पावडर पडलेली असेल तर क्लोरीन सुटतो. क्लोरीन हवेपेक्षा जड, म्हणजे तळघरातून वर जाणार नाही, खालीच साचणार. आणि तू तिथे वाकलेली असणार.

लाइन बसली असेल तर चेंबरचं झाकण उघडून लांबूनच बघ. नाक्यावरून माणूस आणून आत उतरवू नकोस. तो स्वतःहून तयार झाला तरी नाही. चेंबरातल्या हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला कुजक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. जावईबापू म्हणतील, दोन फुटांचं तर चेंबर आहे. दोन फुटांत फक्त डोकं घातलं तरी पुरतं. महापालिकेच्या ‘सारथी’ हेल्पलाइनवर तक्रार कर आणि जेटिंगची गाडी मागव. दोन दिवस खेपा पडल्या तर पडू देत.

आणि पाणी बाहेरूनच येत असेल, तर दुरुस्ती ट्रॅपात नाहीच. तुझी फरशी रस्त्यावरच्या चेंबरच्या खाली आहे. गटार भरलं की ते तुझ्याकडे वळणार. लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घे. तळघराच्या कोपऱ्यात खड्डा काढून त्यात फ्लोट स्विचचा सबमर्सिबल ठेव, आणि त्याचा पाइप आधी रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊन मग खाली आण. झिरपलेलं पाणी पावसाळी गटारात सोड, ड्रेनेजमध्ये नको. शेजारपाजारचे छपराचे पाइपसुद्धा ड्रेनेजलाच जोडतात, म्हणून पहिल्या मोठ्या पावसात चेंबरं उसळतात आणि मैला इंद्रायणीकडे निघतो. पुढे आळंदी आहे. तिथे नदीवर तरंगणारा फेस तू पाहिलायस, आणि त्याच घाटावर आंघोळ करणारे वारकरीही.

पंप घ्यायला गेलीस की दुकानदार मोठा गळ्यात मारेल. तुझ्या खड्ड्याला अर्धा एचपी पुरे. उरलेले पैसे पंपाच्या इन्व्हर्टरला घाल, कारण जोराचा पाऊस आणि वीज जाणं तुमच्याकडे एकाच वेळी होतं. जावईबापूंना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
मामा

ता. क. स्प्रिंग विकत घेऊ नकोस. माझी तुझ्या आईकडे माळ्यावर आहे, गंजली असेल तर थोडं तेल दे.