पानाबरोबर काय काय जातं

संगणकाच्या काळ्या चौकोनात एक कमांड टंकायची, पुढे फाइलचं नाव लिहायचं आणि एंटर दाबायचा. आधी एक ओळ येते: अमुक डीव्हीआय फाइलपासून अमुक पीडीएफ. मग चौकटी कंसातले आकडे एकामागून एक उमटू लागतात, [1] [2] [3]. एकेक पान तयार झाल्याची ती पोच असते. शेवटी किती बाइट लिहिले तो आकडा येतो आणि कर्सर नव्या ओळीवर जाऊन थांबतो. ना खिडकी, ना बटण, ना पुढे सरकणारी पट्टी. डीव्हीआयपीडीएफएम नावाच्या या प्रोग्रामचं काम एवढंच: रचून तयार असलेला मजकूर घ्यायचा आणि कुठल्याही संगणकावर उघडेल असं पान करून द्यायचं. मी गणित शिकले, मग शिकवायला लागले, पुढे मराठीतून लिहायला लागले. या सगळ्या काळात हा प्रोग्राम किंवा त्याचा कुणी वारस माझ्या सोबतीला राहिला. पान एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जातं तेव्हा त्याच्याबरोबर नेमकं काय काय जायला हवं, हा प्रश्न मला त्याच्यामुळे पडला आणि अजून सुटलेला नाही.

प्रबंध लिहिला ते दिवस नव्वदच्या दशकाच्या अखेरचे. गणिताच्या माणसांना तेव्हाही लाटेकशिवाय दुसरं काही चालत नसे. त्याच्या मुळाशी असलेला टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम डोनाल्ड कनूथ यांचा. 1977मध्ये त्यांच्या ग्रंथमालेतल्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हाती आली. जुळणी नव्या फोटो तंत्राने केलेली होती आणि अक्षरं त्यांच्या मनाला येईनात. आपलं पुस्तक असं दिसता कामा नये, म्हणून हा संगणकशास्त्रज्ञ अक्षरजुळणीच्या मागे लागला आणि त्यात त्याची दहाएक वर्षं गेली. गणिताचं पान नेटकं दिसण्याला कुणी आयुष्याची एवढी वर्षं द्यावीत, याचा मला तेव्हाही आदर वाटला आणि आजही वाटतो.

टेकची एक गोष्ट कळली तेव्हा मी थक्क झाले होते. त्याला अक्षराचा चेहरा माहीतच नसतो. प्रत्येक अक्षराची रुंदी, उंची आणि ओळीखाली ते किती उतरतं, एवढी मापं त्याला पुरतात. त्यांवरून तो ओळी पाडतो, परिच्छेद बसवतो, मुळाखाली वर्गसंख्या आणि बेरजेच्या चिन्हावर सीमा ठेवतो. मापंही किती बारीक! छपाईचा एक पॉइंट म्हणजे मिलीमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. टेक त्याचेही 65,536 भाग करतो. असा एक भाग साधारण 5.4 नॅनोमीटरचा, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. हे सगळं काम करून तो जी फाइल लिहितो ती डीव्हीआय. तिच्यात काय असतं? अमुक फाँट घ्या, त्यातलं अमुक क्रमांकाचं अक्षर ठेवा, इतकं उजवीकडे सरका, इतकं खाली या. अक्षर मात्र नसतं. किराणा मालाची यादी असावी तशी ती फाइल: जिन्नस आणि मापं अचूक, दाणा एकही नाही.

हे मला कळलं ते एक प्रकरण परदेशातल्या एका परीक्षकांना ईमेलने पाठवलं तेव्हा. त्यांच्या संगणकावर आमच्याकडचा एक फाँट नव्हता. पानभर रचना जागच्या जागी होती, फक्त ऐन सिद्धांतातली चिन्हं गायब होती. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “नुसती फाइल नको पाठवूस. अक्षरं आत घालून पाठव.” अक्षरं आत घालण्याचा रूढ मार्ग दोन टप्प्यांचा होता. डीव्हीआयपासून आधी पोस्टस्क्रिप्ट, मग घोस्टस्क्रिप्टच्या मदतीने त्याचं पीडीएफ. अडोबीने 1993मध्ये आणलेला पीडीएफ हा प्रकार तेव्हा नुकता सर्वत्र रुजत होता. अशात मार्क विक्स यांचा डीव्हीआयपीडीएफएम हाती लागला आणि मधला टप्पाच गळून पडला. तो यादी वाचायचा, फाँट शोधायचा, आणि मजकुरात जी अक्षरं वापरली आहेत तेवढीच त्यातून उचलून फाइलमध्ये ठेवायचा. एखाद्या फाँटातलं एकच चिन्ह वापरलं असेल तर तेवढं एकच जायचं. कागदाचा आकार सांगायला एक छोटी खूण आणि पुढे ए4 लिहिलं की झालं. फाइल आटोपशीर व्हायची आणि उघडणाऱ्याकडे कुठला फाँट आहे, कुठला नाही, ही काळजी उरायची नाही. पानाबरोबर मापं जायलाच हवीत, पण अक्षरंही स्वतःची न्यायला हवीत, हे तेव्हा पक्कं झालं.

पुढे कॉलेजात शिकवायला लागले. समोरची बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली. सीमा, सातत्य, विकलन या कल्पना त्यांना समजत. अडत होती ती इंग्रजी वाक्यं. त्यांच्यासाठी मराठीत टिपणं लिहायची ठरवली आणि त्याच काळ्या चौकोनात देवनागरी शोधायला लागले. ती सापडली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात. फ्रान्स वेल्थुइस यांनी 1991मध्ये तिथे टेकसाठी देवनागरी फाँट तयार केला होता, सोबत देवनाग नावाचा एक छोटा प्रोग्राम. मजकूर रोमन अक्षरांत लिहायचा: दीर्घ आ हवा तर ए दोनदा, ठ हवा तर आधी टिंब आणि मग टी, एच. देवनाग त्यातून काना, मात्रा, जोडाक्षरं काढायचा, मग लाटेक, मग डीव्हीआयपीडीएफएम. ‘मराठी’ हा शब्द एवढ्या हातांतून फिरून कागदावर उतरायचा आणि चांगला, ठसठशीत उतरायचा.

कागदावर चांगला, पण पडद्यावर मात्र धूसर. तो फाँट मेटाफाँट या कनूथ यांच्याच साधनाने घडवलेला होता आणि पीडीएफमध्ये जाताना त्याचे ठिपके होऊन जात. छापायच्या यंत्राला पुरेसे दाट असे ते ठिपके त्या वेळच्या अॅक्रोबॅटमध्ये पिसकटलेले दिसत. इंग्रजी अक्षरं मात्र रेषांच्या, वळणांच्या रूपात जायची, म्हणून कितीही मोठी करून पाहिली तरी काठ स्वच्छ राहायचे. एकाच पानावर इंग्रजी सूत्र लख्ख आणि मराठी वाक्य पुसट, हे बघून वाईट वाटायचं. पुढे वेल्थुइस यांच्या फाँटाचीही रेषांची आवृत्ती निघाली आणि तो डाग पुसला गेला.

दुसरी अडचण जुनी होती, खिळ्यांच्या काळापासूनची. इंग्रजीचं भागतं शे-सव्वाशे खिळ्यांत. देवनागरीच्या केसमध्ये जोडाक्षरांमुळे शेकडो खाने लागत. निर्णयसागरसारख्या छापखान्यांचा लौकिक झाला तो एवढा पसारा सांभाळून सुबक अक्षर दिल्यामुळे. टेकच्या जुन्या फाँटात जास्तीत जास्त 256 जागा. त्यात क्ष, ज्ञ, त्र, द्ध, ह्म, वेलांट्या, रफार सगळं कोंबायचं म्हणजे तुकडे जोडत बसणं आलं. यातून वाट निघाली ती पूर्वेकडे. हजारो चिन्हांच्या लिपीत लिहिणाऱ्यांना 256 जागांत दिवस काढता येणारच नव्हते. शुन्साकू हिराता यांनी डीव्हीआयपीडीएफएममध्ये जपानीसाठी फेरफार केले, जिन-ह्वान चो यांनी कोरियनसाठी. मग दोघांनी आपलं काम एकत्र केलं आणि डीव्हीआयपीडीएफएमएक्स जन्माला आला. त्याचा हात धरून टेकचा मॅकपुरता असलेला नवा अवतार, जोनाथन क्यू यांचा झीटेक, मॅकबाहेर पडला आणि इतर संगणकांवरही युनिकोड मराठी थेट रचू लागला. आता त्या प्रोग्रामला वेगळी हाक मारावी लागत नाही, झीटेक त्याला पडद्याआड स्वतःच बोलावतो. टेक लाइव्ह या टेकच्या संचात जुनं नाव टंकलं तरी काम नव्याकडेच जातं.

झीटेकमध्ये मराठी टंकलेलं पहिलं टिपण पीडीएफ होऊन समोर आलं तेव्हा मी ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला. त्यातला अर्धा र चंद्रकोरीसारखा, नीट बसलेला होता. मग फाँटाच्या ओळीत लिपी देवनागरी, भाषा मराठी अशी सूचना घातली आणि पुन्हा पीडीएफ केलं. ल आणि श यांनी आपलं मराठी वळण घेतलं. युनिकोडच्या लेखी ल हा मराठीत काय, हिंदीत काय, एकच; वळण ठरतं ते फाँटाला भाषा सांगितल्यावर. महाराष्ट्र शासनाने 2009मध्ये वर्णमालेचा निर्णय काढताना याच दोन अक्षरांचा मराठी आकार आग्रहाने सांगितला होता. पुढे मुंबईच्या आयआयटीतून शोभिका हा फाँट मोफत मिळू लागला आणि संस्कृत अवतरणं, मराठी मजकूर, दोन्ही एका घरात नांदू लागली. मापं होती, अक्षरं होती, वळणही आपलं होतं. आता काही उरलं नाही असं वाटलं.

मग वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आली. ती एनव्हीडीए वापरायची. पडद्यावरचं वाचून दाखवणारा हा मोफत प्रोग्राम मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006पासून घडवला. माझं टिपण तिने ऐकायला घेतलं आणि थोड्या वेळाने विचारलं, “मॅडम, फाइल मराठीच आहे ना?”

मी पानावरचा परिच्छेद निवडला आणि साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवला. ‘किती’ची वेलांटी क सोडून त्याच्या आधी जाऊन बसली होती. ‘सूर्य’चा ‘सूयर्’ झाला होता, ‘कार्य’चा ‘कायर्’. कारण उघड आहे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर आधी. रफाराचा र उच्चारात आधी, कागदावर मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं. पीडीएफ मात्र आकार ज्या क्रमाने मांडले त्या क्रमाने देतं. डोळ्यांना पान निर्दोष, कानांना अगम्य. जुन्या डीटीपी फाँटांतल्या मराठी पीडीएफची तर याहून वाईट गत: तिथे मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत, त्यामुळे चिकटवलं की नुसती इंग्रजी अक्षरांची रास पडते.

पीडीएफमध्ये या दुखण्यावर सोय आहे. दिसणाऱ्या शब्दाखाली त्याचा खरा मजकूर ठेवता येतो. झीटेकला तशी एका ओळीची सूचना देता येते. ती घातली, टिपण पुन्हा तयार केलं, तोच परिच्छेद चिकटवून पाहिला. ‘किती’ किती झाला आणि ‘सूर्य’ सूर्य. गणिताची सूत्रं तरी उरलीच. ती पीडीएफमधून तिला सलग ऐकू येईनात. तिने मूळ लाटेक फाइलच मागितली. त्यात अपूर्णांक म्हणजे ‘फ्रॅक’, मग महिरपी कंसात अंश, मग महिरपी कंसात छेद. कशावर काय आहे यात कुठेच संदिग्धता नाही. पुढचं सगळं विकलन ती त्या फाइली ऐकून शिकली. ज्या मजकुराला मी कच्चा माल समजत होते, तोच तिच्यासाठी सगळ्यांत वाचनीय होता. लाटेकच्या मंडळींनी 2020पासून खुणा घातलेल्या, म्हणजे शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला, सूत्र कुठलं हे सांगणाऱ्या पीडीएफचं काम अंगावर घेतलं आहे. अशा मुलींना उद्या मूळ फाइल मागावी लागू नये, यासाठी ते पूर्ण व्हायला हवं.

माझ्यापुरतं उत्तर असं: पानाबरोबर मापं जावीत, अक्षरांचे आकार जावेत, आणि प्रत्येक अक्षर कोणतं आहे ही ओळखही जावी. पहिल्या दोन गोष्टी आपल्याला आपापल्या गरजेपोटी झटलेल्या दूरदूरच्या माणसांनी मिळवून दिल्या. कोरियनसाठी केलेलं काम मराठीला कामी आलं, जपानीसाठी केलेलंही. तिसरी गोष्ट आपल्या हातात आहे, कारण वेलांटी चुकली की रफार चुकला, हे आपल्याइतकं चटकन दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही. विद्यापीठं मराठी प्रबंध पीडीएफमध्ये घेतात, शासन निर्णय पीडीएफमध्ये निघतात, दिवाळी अंकही आता तसे मिळतात. यातलं प्रत्येक पान बाहेर पडण्याआधी कुणीतरी एक परिच्छेद उचलून साध्या फाइलमध्ये चिकटवून वाचावा. त्याला अर्धं मिनिट लागतं. तिथे मराठी उमटली तर ते पान शोधणाऱ्याला सापडेल, अवतरण घेणाऱ्याला वापरता येईल, ऐकून शिकणाऱ्यालाही कळेल. नाही उमटली तर मूळ फाइल उघडावी, दुरुस्ती करावी आणि कमांड पुन्हा चालवावी.